शाईतून काढलेलं पाणी

तुरटी मास्तर कुणाच्या घरी गेले की आधी पाण्याकडे बघत आणि मग माणसांकडे. घरच्या बाईने तांब्याभांडं पुढे केलं की ते भांडं उजेडाकडे धरत, डोळे बारीक करत, कोटाच्या खिशातून तुरटीचा खडा काढून पाण्यात फिरवत आणि गाळ खाली बसेपर्यंत भांडं मांडीवर घेऊन बसून राहत. तोवर ती बाई ओशाळून आत गेलेली असे. मी त्यांना पुष्कळदा म्हटलं, "मास्तर, लोकांना वाटतं तुम्ही त्यांच्या घराला नावं ठेवता." त्यावर ते शांतपणे म्हणत, "घराला कशाला ठेवीन? घर चांगलं आहे. पाणी मिश्रण आहे." नंदुरबारात त्यांचं खरं नाव हजेरीच्या वेळी आणि पगाराच्या दिवशीच ऐकू येई.

ते शाळेत सायन्स शिकवत आणि मी ड्रॉइंग. ते कोरीटचे, मी रनाळ्याचा, म्हणजे दोघंही काळ्या मातीतून उठून शाळेच्या खुर्चीवर येऊन बसलेले. राहायलाही एकाच गल्लीत होतो. मला ते रंगारी म्हणत. त्यांच्या वर्गासाठी मोठाले तक्ते मीच काढून देत असे आणि प्रत्येक तक्त्यावरून आमचं वाजत असे, कारण मला चित्र बरं दिसायला हवं असे आणि त्यांना ते खरं असायला हवं असे. एकदा मी पाण्याच्या थेंबाला छान निळा रंग दिला. त्यांनी तो तक्ता परत पाठवला. "पाण्याला रंग नसतो, रंगारी," म्हणाले. मग कागदावर ते दाखवायचं कसं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

जगात दिसेल त्या वस्तूची जात ठरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ती वस्तू एकटी आहे की मिसळलेली? चहा मिश्रण, दूध मिश्रण, हवा मिश्रण, गल्लीतली धूळ तर मिश्रणांची राणी. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी शेजारच्या पाहुण्याला भाताच्या पेजेबद्दल इतकं सांगितलं की तो बिचारा अर्ध्या पानावरून उठला. हेडमास्तरांचं भाषण संपल्यावर माझ्याकडे वाकून म्हणाले, "गाळून घेतलं तर चमचाभर निघेल." मी हसलो, ते हसले नाहीत. विनोद करतोय हे त्यांना स्वतःलाच कळत नसे.

शिकवत मात्र फार छान. पुस्तक इंग्रजी होतं आणि पोरांच्या घरी सगळी अहिराणी. मधल्या मध्ये मराठीत मास्तरांनी आपले तीन शब्द तयार केले होते: एकटं, लग्नाचं आणि बाजाराचं. लोखंड एकटं, गंधक एकटं. दोन्हींची पूड एकत्र केली की तो झाला बाजार. लोहचुंबक फिरवला की लोखंड उठून त्याच्या मागे जातं, गंधक मागे राहतं. "बाजार उठला, ज्याचा तो आपल्या घरी." मग तीच पूड नळीत घालून ते दिव्यावर धरत. ती लाल होई, नंतर काळी पडे. पुन्हा चुंबक लावत. काही हलत नसे. "आता अग्नीसमोर लग्न लागलं," ते म्हणत. "आता लोखंड लोखंड राहिलं नाही आणि गंधक गंधक राहिलं नाही. आता चुंबक काय, कुणी आलं तरी ह्यांना वेगळं करणार नाही." पोरं नळीकडे बघत राहत. खिडकीतून मी ते कितीतरी वेळा पाहिलं आहे.

आणि ह्या धड्याच्या शेवटी ते एक वाक्य सगळ्या वर्गाकडून मोठ्याने म्हणवून घेत. टेबलावर दोन पेले ठेवत, दोन्हींत काचेसारखं स्वच्छ पाणी. एका पोराला बोलावून दोन्ही चाखायला लावत. एका पेल्यात मिठाचं पाणी असे. पोरगं तोंड वाकडं करी, वर्ग हसे, आणि मास्तर टेबलावर हात आपटून म्हणत, "निवळ दिसतं ते एकटं असेलच असं नाही. म्हणा." पोरं ओरडत. आम्ही शेजारच्या वर्गांतले मास्तर कपाळाला आठ्या घालून दार लावून घेत. त्या वाक्याचा मला इतका वैताग आला होता की एकदा मी ते फळ्यावर नक्षीच्या अक्षरांत काढून वर गाढवाचं चित्र काढलं. मास्तरांनी गाढव पुसलं आणि अक्षरं तशीच ठेवली.

माणसांत त्यांना एकच माणूस मनापासून आवडत असे, तो म्हणजे आमच्याच गल्लीतला उखा मिस्तरी. उखा सुतार. शाळेची बाकं त्याच्या हातची, फळे त्याच्या हातचे, मास्तरांच्या प्रयोगाच्या लाकडी घोड्या त्याच्या हातच्या. काम करताना गाणं म्हणे आणि गाणं कामापेक्षा वाईट म्हणे. घरी म्हातारा बाप सुपडूबाबा, बायको आणि गोजर नावाची एकुलती मुलगी. गोजरला खापर गावी दिली होती. उखाला शाळा ठाऊक नव्हती, पण मास्तर बोलू लागले की रंधा बाजूला ठेवून ऐके. "मास्तर, मन्ही फळी एकली शे का बाजार शे?" असं मुद्दाम विचारी आणि मास्तर लाकडावर खरंच व्याख्यान देत. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तो पॉलिश करी. मास्तरांनी त्याला समजावलं होतं की तोसुद्धा बाजारच आहे, स्पिरिट उडून जातं आणि लाख लाकडावर राहते. उखाने मान डोलावली. हे त्याला हाताला ठाऊक होतंच, आता त्याला नावही मिळालं होतं, आणि त्याचा त्याला फार आनंद झाला.

दुसऱ्या महायुद्धाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. मुंबईहून काचेचं सामान येणं बंद झालं होतं. मास्तरांचं वाफ थंड करायचं एकमेव काचेचं उपकरण एका पोराच्या हातून फुटलं आणि नवं मिळेना. त्याच हिवाळ्यात शाळेने गावासाठी प्रदर्शन ठरवलं. मास्तर गडबडले. तेव्हा उखा म्हणाला, काचेचं कशाला पाहिजे? आणि त्याने मातीचं मडकं, त्याला बसणारं झाकण, पोकळ बांबूची नळी आणि थंड पाण्यात ठेवलेला पितळी तांब्या अशी रचना करून दिली. अर्थात ही मोहाच्या फुलांची दारू गाळायची भट्टी होती. ह्या बाजूला ती कुणाला शिकवावी लागत नाही. मास्तरांनी ती बघितली आणि त्यांचा चेहरा फुलला. आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेला तो माणूस, दोन दिवस त्या मडक्याभोवती पोरासारखा फिरत होता.

प्रदर्शनाला सारं गाव लोटलं होतं. नंदुरबारचे व्यापारी, आसपासच्या गावांतले शेतकरी, बुरख्यातल्या बाया, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. मास्तरांनी शाळेतली मराठी बाजूला ठेवली आणि अहिराणीत सुरू केलं. मी त्यांना इतकं मोकळं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. दौतीतली शाई पाण्यात ओतून ती मडक्यात घातली. "हाई दखा, काळीभोर शाई. आते हाई तपाडसूत. मोहानी भट्टी तुम्हले माहित शे ना? तसंच हाई. वाफ वर जास, थंड व्हस, आनि थेंब थेंब पडस. काळं खालेच ऱ्हास." थोड्या वेळाने नळीतून थेंब पडू लागले. तांब्यात जमलेलं पाणी त्यांनी पेल्यात ओतून वर धरलं. स्फटिकासारखं पाणी. "पेईसन दखाडू का?" त्यांनी विचारलं, आणि लोक काही म्हणायच्या आत ते गटागट पिऊन टाकलं.

अशा टाळ्या आमच्या शाळेत पुन्हा कधी वाजल्या नाहीत. सगळ्यांत पुढे उखा होता आणि तो हात वर करकरून टाळ्या वाजवत होता, कारण मडकं त्याचं होतं. हेडमास्तर आभार मानायला उठले. मास्तर रिकामा पेला हातात धरून उभे होते, घामेजलेले आणि खूष. ते दोन पेले, ते मिठाचं पाणी, ते वाक्य, सगळं टेबलाखाली टोपलीत तयार ठेवलेलं होतं. ते राहून गेलं. त्या दिवशी कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

त्या वर्षी आखाजीच्या आधी भट्ट्यांवर धाडी पडल्या. मोहाची फुलं डोंगरातून खाली येईनात, आलेली जप्त होत. आणि आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, हा वर्षाचा सण. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. पितरांच्या नावाने घागर भरतात. पुरुष उघडपणे पत्ते कुटतात आणि ज्यांच्या घरी चालतं त्यांच्या घरी घोट घेतात. उखाच्या घरी चालत असे. गोजर आली होती आणि पहिल्याच आखाजीला जावईही सोबत आला होता. जावयाला कोरड्या घशाने परत पाठवायचं? उखाला ते पटेना. घरात पॉलिशच्या स्पिरिटचा डबा होता. जांभळं, घाण वासाचं. ते पिण्याचं नव्हे हे उखाला चांगलं माहीत होतं. पण रंग आणि घाण खाली ठेवून चांगलं तेवढं वर कसं काढायचं, हेही त्याला आता माहीत होतं. त्याने ते डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि काढलेलं पिऊन एक शहाणा माणूस धडधाकट उभा राहिलेला पाहिला होता.

मोहाच्या भट्टीची आमच्याकडे एक रीत आहे. नळीतून जी पहिली धार येते ती सगळ्यांत कडक आणि सगळ्यांत मानाची. ती घरातल्या वडीलधाऱ्याला द्यायची. त्यानंतरची पाहुण्याला. यजमानाने सगळ्यांत शेवटी घ्यायचं. उखा रीतीचा पक्का होता. आखाजीच्या दुपारी त्याने पहिली धार सुपडूबाबाला दिली, दुसरी जावयाला दिली आणि उरलेली आपण घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांच्या ओट्यावर बसलो होतो. गोजर धावत आली. अंगावर सणाचं लुगडं, हातात हिरव्या बांगड्या. धाप लागून नीट बोलता येईना. "मास्तर, आजला उठी नही ऱ्हायना," ती म्हणाली, म्हणजे तिचा आजा, सुपडूबाबा. "ह्यास्ना पोटमा आग पडेल शे. आनि नाना म्हनस, दिवस उगना का नही?" नाना म्हणजे उखा. सूर्य चांगला कासराभर वर आला होता. ओट्यावर ऊन होतं. मी काही बोलायच्या आत मास्तर अनवाणी पळत सुटले होते.

अंगणात ते मडकं, ती नळी, तो तांब्या तसाच होता. मास्तरांनी मडक्याचं झाकण काढलं. तळाशी जांभळा गाळ. त्यांनी वास घेतला. मग ते एकदम घरात शिरले. सुपडूबाबा अंथरुणात थंड पडले होते. जावई भिंतीला टेकून गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, श्वास वेडावाकडा चालला होता. उखा खाटेवर डोळे उघडे ठेवून बसला होता आणि आवाजाच्या दिशेने मान वळवत होता. मास्तरांनी एकच विचारलं, "पहिले कोन पेनं?" उखाने सांगितलं. मास्तरांनी तोंडावर हात ठेवला.

दवाखान्यातले डॉक्टर आले. खाण्याचा सोडा भरपूर पाजा म्हणाले, पण त्यांच्याकडे तो पुरेसा नव्हता. मास्तरांनी शाळेच्या कपाटातली बरणीच्या बरणी आणली. ती पाण्यात कालवून आम्ही आळीपाळीने दोघांना पाजत राहिलो. संध्याकाळी दिवेलागणीच्या आत जावई गेला. गोजरच्या बांगड्या तिच्या आईनेच फोडल्या. कोपऱ्यावरच्या निंबाला बांधलेला झोका कुणी सोडला नव्हता आणि शेजारच्या पोरी त्याच्याकडे न बघता बाजूने जात होत्या. उखा जगला. डोळे गेले ते गेलेच.

मास्तरांनी मला नंतर सारं समजावून सांगितलं. मला नको होतं, तरी सांगितलं. लढाईच्या दिवसांत पॉलिशच्या स्पिरिटमध्ये लाकडापासून काढलेलं स्पिरिट जास्त घालत. ते विष. पण त्याला रंग नाही, ते पाण्यासारखं दिसतं, आणि चांगल्या स्पिरिटच्या आधी उकळतं. म्हणून पहिल्या धारेत तेच सगळ्यांत जास्त. जांभळा रंग खाली राहिला आणि विष वर आलं. "मान ज्या क्रमाने दिला त्याच क्रमाने माणसं गेली, रंगारी," ते म्हणाले. त्यांचा आवाज वर्गात असायचा तसाच होता, आणि मला त्याची भीती वाटली.

फौजदार पंचनाम्याला आले तेव्हा उखाला त्यांनी विचारलं, हे असं स्पिरिट तपवायचं तुला कुणी शिकवलं? मास्तर खोलीतच, दाराशी उभे होते. उखाने जराही वेळ न घालवता सांगितलं, "मन्हा बापनी शिकाडं. आमना घरमा पहिलेपासून व्हस." बाप मेला होता, त्याला कुणी काही करणार नव्हतं. हेडमास्तरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण मास्तर दुसऱ्या दिवशी एकटेच फौजदारांकडे गेले आणि म्हणाले, मी शिकवलं, माझा जबाब घ्या. फौजदारांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. "मास्तर," ते म्हणाले, "शाईतलं पाणी पिऊन दाखवणं हे कुठल्या कलमात बसतं ते सांगा, मी लिहून घेतो." मास्तर परत आले. हेडमास्तरांनी त्यांना खोलीत बोलावून, हा विषय पुन्हा काढू नका, म्हणून बजावलं. वहिनींनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, देवापुढे दिवा लावला. सगळ्यांनीच त्यांना सोडून दिलं.

मला तेव्हा त्यांचा राग येई, हे मी लपवत नाही. जे झालं ते झालं, माणसाने किती उगाळावं! मी त्यांना म्हटलं, "तुम्ही शाई दाखवली. स्पिरिट तुम्ही दाखवलं नाहीत. ह्या दोन गोष्टी वेगळ्या करा की. तुम्हीच ना वेगळं करण्यातले?" ते म्हणाले, "बाजार असता तर केल्या असत्या." मग म्हणाले, "ह्यांचं लग्न लागलंय." मी तिथून उठून गेलो. घरी येऊन रडलो. हा माणूस मला इतका आवडतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

शाळा सुटली की ते रोज उखाकडे जात. त्याच्या खाटेशी बसत, वर्तमानपत्रातली लढाईची बातमी सांगत, गावातल्या गमती सांगत. उखा हळूहळू हाताच्या अंदाजाने काम करू लागला. खाटेचे पाय, पाट, लाटणी. गोजर सासरी परतली नाही, तिला कुणी बोलावलंच नाही. बापाच्या हातात ती हत्यारं देई. घरातल्या त्या तिघांशी मास्तर सगळं बोलत, फक्त ते वाक्य बोलत नसत. उखाला वाटे की मडकं त्याचं, हात त्याचे, डबा त्याचा, तेव्हा चूकही सगळी त्याचीच. तो तसं म्हणे. "मन्हा हातखाल कायतरी चुकनं," म्हणे, आच जास्त लागली असेल, नळी वाकडी बसली असेल. मास्तर खाली मान घालून ऐकत. मी बाहेर आल्यावर विचारी, "सांगितलंत?" ते म्हणत, "उद्या."

वहिनी एकदा मला वाटेत थांबवून म्हणाल्या, "भाऊ, यास्नी काल्दी बी जेवन करं नही. तुम्ही तरी सांगा." पावसाळा गेला, वर्गात तो धडा आला. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. चुंबक झाला, गंधक झालं. मग दोन पेले टेबलावर ठेवून मास्तर नुसते उभे राहिले. वरच्या वर्गातल्या भावंडांकडून पोरांना ते वाक्य आधीच पाठ होतं. मास्तर बोलत नाहीत असं बघून त्यांनी आपण होऊनच ते ओरडून म्हटलं, नेहमीच्या आनंदात, बाकं बडवत. मास्तर खडू ठेवून वर्गाबाहेर निघून गेले. त्या आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. कारण विचारलं तर, घरची शेती बघायला कुणी नाही, म्हणून सांगितलं. घरची शेती बघायला तीन भाऊ होते.

कोरीटहून बैलगाडी आली. सामान थोडंच होतं. वहिनी पेटीवर बसल्या. मास्तर मला म्हणाले, "रंगारी, उखाकडे चल. एकट्याने जमत नाही." आम्ही गेलो. उखा ओट्यावर बसून खाटेचा पाय हाताने चाचपत होता. गोजर आत चुलीपाशी होती. मास्तर बसले नाहीत. उभ्यानेच बोलले.

"उखाभाऊ, माले तुले एक गोट सांगनी शे. त्या दिन साळामा मी शाईनं पानी पेनू, तवय एक वाक्य सांगानं ऱ्हाई गयं."

"कोनतं?"

"निवळ दखास ते एकलं ऱ्हाईच असं नही. रंग खाले बसस. पन ज्याले रंगच नही, ते वाफनासंगे वर ई जास. त्यामा इख बी येस. हाई मी साळामा रोज सांगू. त्या दिन नही सांगं."

उखाचा हात थांबला. आत भाकरी थापण्याचा आवाज चालला होता, तोही थांबला. मग उखा हसला, अगदी पूर्वीसारखा, आणि मास्तरांचीच समजूत घालू लागला.

"मास्तर, तुम्ही कसाले जीवले लाई लेतस? मन्हा बाप कोनंच ऐके नही. तुम्ही सांगं असतं तरी तो पेताच. जवाई तं तरना पोऱ्या, तो कोनं ऐकस? तुम्हना काय दोष नही. जा तुम्ही, ऊन चढी ऱ्हायनं."

मास्तर वळले. पायरी उतरले. मागून उखाचा आवाज आला. तो आमच्याशी बोलत नव्हता, खाटेच्या पायाकडे तोंड करून बोलत होता.

"पन मी ऐकं असतं, मास्तर. तुम्हनं मी ऐकं असतं."

मास्तर थांबले. पाठ तशीच ठेवून म्हणाले, "हा. तू ऐकं असतं." मग चालू लागले.

गाडी कोरीटच्या रस्त्याला लागली तेव्हा मी कोपऱ्यापर्यंत गेलो होतो. ते त्यानंतर बरीच वर्षं जगले. नांगर धरला, विहीर खणली, भावांची पोरं अंगाखांद्यावर वाढवली. त्यांतली दोन पोरं पुढे माझ्या वर्गात आली. मी त्यांना विचारलं, काकांनी काय काय शिकवलं? पोरं एकमेकांकडे बघू लागली. काका घरी कुणाला काही शिकवत नाहीत, म्हणाली.